शहराचा हिशेब कोठें थांबतो?

शहरांना गुण देण्याची एक नवी विद्या अलीकडे निघाली आहे. हवा, पाणी, उत्पन्न, रोजगार, रस्ते यांची मोजदाद करावयाची आणि अमुक शहर पहिलें, तमुक दुसरें असें जाहीर करावयाचें! २०१८ सालीं केंद्र सरकारनें राहणीच्या सोयीवरून १११ शहरांची अशी यादी लाविली. तींत पुणें पहिलें, नवी मुंबई दुसरी व मुंबई तिसरी आली. मोजमापास आमचा विरोध नाहीं. जें शहर आपला खर्च मोजीत नाहीं तें फार दिवस टिकावयाचें नाहीं, असेंच आम्हांस वाटतें. आमची तक्रार एवढीच, कीं ही फूटपट्टी आंखूड आहे. ती महानगरपालिकेच्या वेशीपाशीं संपते.

नवी मुंबई पाणी पिते तें कोठलें? रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यांत धावरी नदीवर मोरबे धरण आहे. तें त्या महानगरपालिकेच्या मालकीचें. शहर तें आपल्या जमेस मांडतें, आणि त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु ज्या जमिनी त्या पाण्याखालीं गेल्या त्या खर्चीं कोणाच्या मांडावयाच्या? खालापूर तालुक्याला गुणपत्रिकाच नाहीं, ती शहरांपुरती!

ही रीत जुनीच आहे. खोपोलीचें वीजघर १९१५ सालीं व कर्जत तालुक्यांतील भिवपुरीचें १९२२ सालीं सुरू झालें. घाटमाथ्यावरचें, एरवीं पूर्वेस भीमेकडे जाणारें पाणी पश्चिमेस वळविलें गेलें आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आतां शहराला या तालुक्यांची हवाही हवी झाली आहे. कर्जतच्या भातखाचरांत भराव पडून तेथें सुटीचीं घरें उठत आहेत.

कोणी म्हणेल, शहरामुळेंच या तालुक्यांना आगगाडी मिळाली, रोजगार मिळाला. मिळाला, मग तोही त्याच वहींत मांडा. एक बाजू लिहून दुसरी कोरी ठेवणारा कारकून कोणत्या पेढीवर टिकेल? विल्यम रीस व माथिस वाकरनागेल यांनीं तीस वर्षांपूर्वींच कॅनडांतून सांगितलें, कीं शहराची वेस कोठें हें विचारूं नका. तें जगविण्यास एकंदर किती भूमि लागते हें विचारा.

१९ जुलै २०२३ च्या रात्रीं याच खालापूर तालुक्यांत, इर्शाळगडाच्या कुशींतली इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी दरडीखालीं गेली. २७ मृतदेह हातीं लागले. ५७ माणसें सांपडलींच नाहींत. ती दरड शहरानें पाडली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दरडीचें भय असलेल्या गांवांच्या यादींत या वाडीचें नांव नव्हतें, हें सरकारनेंच तेव्हां सांगितलें. आणि मोरबे धरणाच्याच परिसरांतल्या या वाडीस गाडीरस्ता नसल्यानें मदतीस गेलेल्यांना भर पावसांत डोंगर चढावा लागला.

पुढची यादी लागेल तेव्हां नवी मुंबईच्या पाण्याच्या रकान्यांत मोरबे हें नांव घाला, आणि त्याखालीं तेथल्या वाड्यांचे रस्ते, दवाखाने व शाळा यांचे आंकडे लिहा. त्यानें क्रमांक खालीं आला तर येऊं द्या.