एक टेस्ट त्याचीही!

लालबागचा आमचा एक मित्र. लग्नाला तीन वर्षं झाली. 'काय, गुड न्यूज कधी?' हा प्रश्न चाळीच्या जिन्यापासून गणपतीच्या मंडपापर्यंत पाठ सोडत नव्हता. बायकोची सोनोग्राफी झाली, रक्ताच्या टेस्ट झाल्या, गर्भनलिकांचा एक्स-रेही झाला. आणि साहेब? 'मला काय धाड भरलीय!' शेवटी डॉक्टरांनी दम भरला, तेव्हा स्वारी सॅम्पल द्यायला गेली. रिपोर्टमध्ये शुक्राणू होते, पण आळसावलेले. सोबत पस सेल्स भरपूर.

'लघवीला कधी जळजळ झाली होती?' डॉक्टरांनी विचारलं. झाली होती की! केमिस्टकडून गोळ्या आणल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, कोर्स अर्धवट सोडला. विषय संपला, असं त्याला वाटलं होतं.

बॉस, भानगड अशी आहे. वीर्य म्हणजे नुसते शुक्राणू नव्हेत. त्यातला बराचसा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट या ग्रंथींमधून येतो. लघवीच्या मार्गातले ई-कोलाय किंवा शरीरसंबंधातून येणारे क्लॅमिडिया, गनोरियाचे जंतू तिथे पोचले की सूज येते. आपल्याकडे टीबीसुद्धा हा उद्योग करतो. जंतूंशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी जी रसायनं सोडतात, त्यांचा मार शुक्राणूंनाही बसतो. त्यांची हालचाल मंदावते, डीएनएला इजा होऊ शकते. एक मिलिलिटर वीर्यात या पेशी १० लाखांच्या वर गेल्या की डॉक्टर सावध होतात. कधी सुजेमुळे नळीच बंद होते. माल तयार, पण हिंदमाताला पाणी तुंबल्यासारखा रस्ता बंद!

गंमत म्हणजे क्लॅमिडिया अनेकदा काहीच त्रास न देता मुक्काम ठोकतो.

आणि हे सगळं आपण कुठे लपवतोय? गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवणाऱ्या र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये याच मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवून गुप्तरोगांवर उघड लिहिलं. परळच्या केईएममध्ये ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बेबी जन्मली. आणि आपण अजून जळजळ होते म्हणायला लाजतो!

तेव्हा जळजळ, वीर्यातून रक्त, ओटीपोटाखाली किंवा अंडकोषात दुखणं असं काही असेल तर डॉक्टर गाठा. लघवीचं, वीर्याचं कल्चर करून मिळालेला अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा. शरीरसंबंधातून आलेलं इन्फेक्शन असेल तर जोडीदारालाही उपचार हवेत. अंडकोषात अचानक जोरात कळ आली तर मात्र तडक हॉस्पिटल. पीळ पडला असेल तर हातात काही तासच असतात.

पस सेल्स दिसल्या म्हणजे बाप होणं संपलं, असं अजिबात नाही. पण गोळ्यांनी प्रत्येकाचा प्रश्न सुटतोच, असंही नाही. म्हणून तर उशीर नको.

मित्राचा कोर्स संपलाय. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, म्हणून पुढची टेस्ट तीन महिन्यांनी. रिपोर्ट आला त्या रात्री बायको एवढंच म्हणाली, 'तीन वर्षं सगळे मलाच उपास सांगत होते रे.'

त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्यावर ती वेळ येऊ देऊ नका. पहिल्याच व्हिजिटला दोघांनी जा.