समजून घ्या : उन्हात राबणाऱ्या हातापायांवर पांढरे ठिपके का येतात?

राहाता तालुका पेरूच्या बागांसाठी ओळखला जातो. पेरूची तोडणी असो की उसाची खुरपणी, कामाचे बहुतेक तास उन्हातच जातात. चाळिशीनंतर अशा रापलेल्या हातांवर आणि नडग्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके दिसू लागले, की घरात पहिली शंका येते ती कोडाची. मग ठिपके लपवले जातात, मुलांच्या लग्नाची बोलणी अडतील या धास्तीने मिळेल ते मलम चोळले जाते. बहुतेक वेळा याची काहीच गरज नसते.

हे ठिपके नेमके कसले?

वैद्यकीय भाषेत यांना 'इडिओपॅथिक गटेट हायपोमेलॅनोसिस' म्हणतात. 'गटेट' म्हणजे थेंबासारखे आणि 'इडिओपॅथिक' म्हणजे नेमके कारण न उलगडलेले. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन ज्या पेशी तयार करतात, त्या वाढत्या वयात आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने काही ठिकाणी कमी होतात. तेवढीच जागा पांढरी पडते. आजूबाजूची त्वचा जितकी रापलेली, तितका ठिपका उठून दिसतो. काही घरांत हे आनुवंशिकही असते. ठिपके साधारण 2 ते 5 मिलिमीटरचे, गुळगुळीत असतात. ते खाजत नाहीत, दुखत नाहीत, संसर्गाने पसरत नाहीत आणि त्यांचा कर्करोगही होत नाही.

कोड आणि इतर डागांपासून वेगळे कसे ओळखायचे?

कोडाचे डाग वाढतात, एकमेकांत मिसळतात. ओठ, डोळ्यांभोवतीची त्वचा, बोटांची टोके इथे ते जास्त दिसतात आणि डागावरचे केसही पांढरे होऊ शकतात. कोडही संसर्गजन्य नाही. छाती, पाठ किंवा मानेवरचे फिकट, बारीक कोंडा सुटणारे चट्टे बहुधा शिब्याचे, म्हणजे बुरशीचे असतात. मुलांच्या गालावरच्या पांढुरक्या चट्ट्यांना 'पोटात जंत झाले' म्हटले जाते. प्रत्यक्षात ते बहुतेकदा कोरड्या त्वचेमुळे येतात.

दुर्लक्ष कोणत्या डागाकडे करू नये?

ज्या फिकट किंवा लालसर चट्ट्यावर स्पर्श, ऊन-गार किंवा टोचलेले कळत नाही, तो कुष्ठरोगाचा असू शकतो. त्याची तपासणी आणि बहुविध औषधोपचार सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहेत. वेळेत औषध घेतले तर रोग पूर्ण बरा होतो, उशीर झाला तर हातापायांत विकृती येऊ शकते. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण ठरवणारी तरतूद संसदेने 2019 मध्ये कायद्यातून काढून टाकली.

उपचार आहेत का?

उन्हाच्या ठिपक्यांना उपचार सक्तीचे नाहीत. दिसणे खटकत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ उणे 196 अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनचा काही सेकंदांचा स्पर्श, लेझर किंवा रेटिनॉइड, टॅक्रोलिमससारखी मलमे सुचवतात. मात्र रंग पूर्ण परत येईलच अशी हमी कोणताही उपचार देत नाही. लोणी येथील प्रवरा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या ठिकाणी तालुक्यातच तपासणी करून घेता येते.

काय टाळायचे?

दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडची मलमे. त्यांनी त्वचा पातळ होते आणि तिचा रंगही उडू शकतो. केंद्र सरकारने 2018 मध्ये अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. बावचीचे तेल लावून उन्हात गेल्यास फोड येतात. ते वैद्यकीय देखरेखीशिवाय वापरू नये.

नवे ठिपके रोखायचे कसे?

शेतातल्या बायका साडीवर पुरुषी शर्ट चढवतात, डोक्याला रुमाल बांधतात. हा जुना उपाय आजही चांगला आहे. पूर्ण बाह्या, पोटऱ्या झाकणारा कपडा आणि शक्य तिथे दुपारी 11 ते 4 सावलीतली कामे, एवढ्यानेही ऊन बरेच कमी लागते. उघड्या भागावर किमान एसपीएफ 30 चे सनस्क्रीन लावावे आणि घाम आल्यावर दर दोन तासांनी पुन्हा लावावे. त्याने जुने ठिपके जात नाहीत, पण भोवतालची त्वचा कमी रापल्याने ते कमी उठून दिसतात.

डाग वाढत असेल, बधिर असेल किंवा त्यावर खपली धरत असेल, तर मात्र मलम शोधण्याआधी डॉक्टरांकडे जावे.