दादरचा जिना, भाटघरचा सांडवा

भाटघरला श्रावणात धरण भरत आलं की माणसांची नजर सांडव्याकडे जाते. पाणी किती साठलं, यापेक्षा ते सुखरूप कुठून निघणार याची काळजी मोठी. वेळवंडी नदीवरचं पहिलं धरण अपुरं पडलं, म्हणून १९२८ साली आजचं मोठं धरण उभं राहिलं. स्थानकं आखणाऱ्या आपल्या मंडळींना हे सांगतो आहे ते दादरपायी: तिथे साठते ती गर्दी, आणि तिचा सांडवा म्हणजे जिना.

दादर हे मुळात एक स्थानक नव्हतंच. १८५३ साली जीआयपी रेल्वेची ठाण्याची गाडी याच बाजूने गेली. १८६७च्या एप्रिलात बीबीसीआय रेल्वेची विरारची लोकल सुरू झाली, तिच्या थांब्यांत दादर होतं. दोन कंपन्या, दोन कारभार. प्लेगनंतर इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याची आखीव वस्ती वसवली, गाड्या विजेवर धावू लागल्या, १९५१ साली या दोघींच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या. दोघींना जोडायला मात्र पूल आणि जिनेच राहिले. ‘एक नंबरवर भेटू’ म्हटलं तर कुठला एक नंबर, हा प्रश्न डिसेंबर २०२३ पर्यंत टिकला. तेव्हा कुठे मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे आकडे मिळाले.

भोरकडची एखादी आजी पुण्याहून दादरला उतरते. एका हातात तांदळाची पिशवी, दुसऱ्यात नातवाचा हात, जायचं पश्चिम रेल्वेने नालासोपाऱ्याला. कठड्याला लागून ती जिना चढते, मध्येच थांबते, पिशवीचा हात बदलते. तेवढ्यात मागे गर्दी तुंबते. ती थांबणारच, हे धरूनच जिना आखायला हवा. आपण सरासरी प्रवासी धरतो, आणि सरासरी प्रवाशाच्या हातात पिशवी नसते.

२९ सप्टेंबर २०१७ला शेजारच्या एल्फिन्स्टन रोडच्या जिन्यावर पावसात अडकलेल्या गर्दीत २३ माणसं गेली. तो दिवस विसरून कुणी आराखड्यावर सही करू नये.

तोक्योचं शिंजुकू स्थानक १८८५चं, आज जगातलं सर्वांत वर्दळीचं. तिथेही पूर्व आणि पश्चिम बाजू जोडणारी, तिकीट न दाखवता चालता येणारी २५ मीटर रुंद वाट जुलै २०२० मध्ये खुली झाली. उशीर त्यांनाही झाला. पण वाट रुंद केली.

वाचकांना एक विनंती. आपल्या ओळखीच्या एका जिन्यापाशी संध्याकाळी सहा ते आठ उभे राहा. रुंदी मोजा, किती जण मध्येच थांबले आणि कशासाठी, ते लिहून पाठवा. पुढच्या अंकाची पानं त्यासाठी राखली आहेत.