ऐंशी हजारांचा मोबाइल आणि दहा क्विंटल कापूस

जिल्ह्याच्या बैठकीत कापसाच्या भावावर बोलणे सुरू झाले, की हल्ली कोणीतरी मध्येच पोराच्या मोबाइलचा विषय काढतो. पोरगा कॉलेजात जातो, तिथे ऐंशी हजारांचा मोबाइल पाहतो आणि घरी येऊन हट्ट धरतो. बाप म्हणतो, आधी कापूस काट्यावर जाऊ दे. शहरातली शहाणी मंडळी तर टपलेलीच असतात. शेतकऱ्याच्या हातात चांगला मोबाइल दिसला, की त्यांच्या पोटात दुखू लागते. 'एवढा मोबाइल परवडतो, मग कर्जमुक्ती कशाला हवी?' हा त्यांचा सवाल.

या मंडळींना आमचे उत्तर सरळ आहे. शेतकऱ्याने फाटका सदरा घालून कंदिलाच्या उजेडात रडत बसावे, तरच तो खरा शेतकरी, हे आम्हाला मान्य नाही. जगातली उत्तमातली उत्तम वस्तू शेतकऱ्याच्या घरात यावी आणि ती त्याने घामाच्या दामातून घ्यावी, यासाठीच तर हा सारा खटाटोप आहे. पण घेण्याचा हक्क वेगळा आणि हिशेब न करता घेणे वेगळे. बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. मोबाइलही तसाच किंमत, काम आणि सॉफ्टवेअर अशा तिन्ही अंगांनी तपासून घ्यावा. आणि तो तपासता तपासता आपल्याच मालाविषयी काही गोष्टी उघड होतात, त्या अधिक महत्त्वाच्या आहेत.

त्यासाठी भिवंडीला चला. नागपूरहून निघालेला समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना असा कापसाच्या मुलखातून जातो आणि ७०१ किलोमीटरनंतर भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावी संपतो. शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. भिवंडी हे यंत्रमागाचे गाव. आपल्या कापसाची सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात, गिरणीत सूत निघते आणि ते सूत अशा गावांत मागावर चढते. त्याच भिवंडीभोवती पूर्णा, काल्हेर, राहनाळ, मानकोली या गावांत आज गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. मुंबईत जकात होती तेव्हा हद्दीबाहेर माल साठवायला ही जागा सोयीची पडली. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. घरबसल्या मागवलेला माल अशाच गोदामांतून वाटेला लागतो. म्हणजे एकाच गावात एका दाराने भारताचा कापूस सूत होऊन येतो आणि दुसऱ्या दाराने इंडियाचा मोबाइल खोक्यात बसून निघतो. दोघांना शेजारी ठेवून पाहायला याहून चांगली जागा नाही.

आधी किंमत पाहू. २०२५ साली बाजारात आलेले तीन मोबाइल घेऊ. तिन्हींची साठवण २५६ जीबी, म्हणजे तुलना बरोबरीची. बाजारात आले तेव्हा सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ ८०,९९९ रुपयांना होता, गुगलचा पिक्सेल १० ७९,९९९ रुपयांना आणि अ‍ॅपलचा आयफोन १७ ८२,९०० रुपयांना. तिघांत अंतर जेमतेम तीन हजारांचे. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये होता. म्हणजे आयफोन घ्यायला पावणेअकरा क्विंटल कापूस लागला. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले तर पावणेतीन एकरांचे सगळे पीक, आणि त्यात वेचणी, फवारणी, खत काहीच वजा केलेले नाही. संकरित ज्वारीचा हमीभाव होता ३,६९९ रुपये. ज्वारीत मोजले तर बावीस क्विंटलांहून जास्त. त्या ८२,९०० रुपयांत अठरा टक्के जीएसटीपोटी सुमारे साडेबारा हजार रुपये सरकारच्या तिजोरीत जातात, हेही ध्यानात असू द्या.

आता काम. आयफोन १७ मधली ए१९ आणि एस२५ मधली स्नॅपड्रॅगन ८ एलिट या दोन्ही चिपा अतिशय वेगवान आहेत. पिक्सेलमधली टेन्सर जी५ नुसत्या वेगाच्या शर्यतीत त्यांच्या मागे राहते. गुगलचा भर फोटोवर आणि मोबाइलशी बोलून काम करून घेण्यावर जास्त. पण नावावर जाऊ नका. २०२४ साली गॅलेक्सी एस२४ आला, तेव्हा नाव एकच असूनही अमेरिकेतल्या मोबाइलमध्ये स्नॅपड्रॅगन चिप होती आणि भारतात विकलेल्या साध्या एस२४ मध्ये एक्सिनॉस. एकाच नावाच्या पाकिटात वेगळे बियाणे निघाल्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला यापेक्षा जास्त सांगायला नको. एस२५ मध्ये मात्र सगळीकडे स्नॅपड्रॅगनच दिली.

आपले काम काय? बोलणे, व्हॉट्सअ‍ॅप, पावसाचा अंदाज, बाजारभाव, पैशाची देवघेव, अळी दिसली तर तिचा फोटो. एवढे काम वीस हजारांच्या आतला मोबाइल निमूट करतो. गुगलचे बोलते मदतनीस जेमिनी लाइव्ह २०२४ च्या ऑक्टोबरात मराठीत आले, तेही साध्या अँड्रॉइडवर चालते. ज्या पोराला चित्रफिती तयार करून त्यावर कमाई करायची आहे, त्याची गोष्ट निराळी. त्याच्यासाठी तो मोबाइल म्हणजे अवजार आहे. बाकीच्यांसाठी दोन एकरांच्या वखरणीला मोठा ट्रॅक्टर घेण्यासारखे आहे.

तिसरे अंग सॉफ्टवेअरचे, आणि आमच्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचे. मोबाइलचे यंत्र धडधाकट असते, पण कंपनीने नवे सॉफ्टवेअर देणे थांबवले की काही वर्षांत बँकेचे अ‍ॅप चालेनासे होते आणि चांगला मोबाइल भंगारात जातो. २०२३ च्या ऑक्टोबरात गुगलने पिक्सेल ८ ला सात वर्षे नवे सॉफ्टवेअर देण्याचा शब्द दिला. तीन महिन्यांत सॅमसंगने एस२४ साठी तोच शब्द दिला. अ‍ॅपल असा आकडा विकताना मिरवत नाही, पण २०१८ च्या आयफोन एक्सआरला २०२४ पर्यंत दरवर्षी नवे सॉफ्टवेअर मिळत गेले. शेतकऱ्याला ही चैन नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आली. २०२५-२६ च्या हंगामात कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस घालायचा, तर 'कपास किसान' अ‍ॅपवर नोंदणी करावी लागली. ज्याचा मोबाइल नव्या अ‍ॅपला दाद देत नाही, त्याचा कापूस व्यापारी म्हणेल त्या भावाने जातो.

म्हणून आमचा सल्ला असा. मोबाइल घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न विचारा : सॉफ्टवेअर किती वर्षे? २०२४ च्या अखेरीस सॅमसंगचा गॅलेक्सी ए१६ हा फाइव्ह-जी मोबाइल १८,९९९ रुपयांना आला, त्यालाही सहा वर्षांचा शब्द होता. म्हणजे अडीच क्विंटल कापसात सहा वर्षे. महागच घ्यायचा असेल तर नवा यायची वाट पाहून जुना घ्या. आयफोन १७ आला त्या दिवशी आयफोन १६ ची किंमत ७९,९०० वरून ६९,९०० झाली. आणि बिनव्याजी हप्त्याला भुलू नका. नोकरदाराचा पगार दर महिन्याला येतो, आपला पैसा वर्षातून एकदा. बारा हप्ते केले तरी महिन्याला ६,९०० रुपये. आषाढात पेरणीच्या तोंडावर तो हप्ता कुठून भराल? सावकाराकडूनच.

इथवर झाली मोबाइलची गोष्ट. आता त्याच तीन मोजमापांनी आपला कापूस मोजू.

२०२१ पासून २०२४ पर्यंत आयफोनच्या साध्या नव्या मॉडेलची किंमत ७९,९०० वरच राहिली, आणि माल मात्र दरवर्षी सुधारत गेला. ही काही कंपनीची दया नाही. शेजारी दुसरा उभा आहे, तिसरा उभा आहे. एकाने सात वर्षांचा शब्द दिला की दुसऱ्याला द्यावाच लागतो. मोकळ्या बाजारातली चढाओढ ती हीच.

कापसाचे सॉफ्टवेअर म्हणजे बियाणे. बीटी कापसाला परवानगी मिळाली २००२ साली, बीजी-२ ला २००६ साली. त्यानंतर बीजी-२ ची जागा घेईल असे नवे तंत्रज्ञान कापसाच्या रानात आलेले नाही. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भात बोंडे पोखरली, तेव्हाही आपल्याकडे तेच जुने बियाणे होते. तणनाशक सहन करणाऱ्या बियाण्याचा अर्ज कंपनीने २०१६ साली मागे घेतला. सरकारने पाकिटाची किंमत बांधली, २०२० साली तंत्रज्ञानाचा मोबदला शून्यावर आणला. पाकीट स्वस्त झाले, पण नवे बियाणे आले नाही. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी तेच बिनपरवान्याचे बियाणे उघडपणे पेरले. आजही ते बियाणे चोरून मिळते, पावती नाही, उगवले नाही तर दाद नाही. शहरातल्या माणसाला २००६ सालचा मोबाइल वापरायची सक्ती करून पाहा, दुसऱ्या दिवशी मोर्चा निघेल.

कोणी म्हणेल, नव्या बियाण्याचे धोके आहेत. असतील. त्यांची तपासणी करा, पण मुदत ठरवून करा आणि हो किंवा नाही सांगा. दहा-दहा वर्षे फाइल दाबून ठेवणे ही तपासणी नव्हे.

आता किंमत. परदेशी मोबाइलवर २०१८ साली आयातशुल्क वीस टक्के केले, २०२४ च्या जुलैत ते पंधरा टक्के झाले. शिवाय १ एप्रिल २०२० च्या योजनेप्रमाणे देशात मोबाइल बनवणाऱ्याला वाढीव विक्रीवर चार ते सहा टक्के बक्षीस. कापसावर २०२१ साली अकरा टक्के शुल्क बसवले. २०२२ च्या एप्रिलात भाव दहा हजारांच्या वर गेला, तसे शुल्क काढले. पुन्हा १९ ऑगस्ट २०२५ ला काढले आणि ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले, म्हणजे नेमके आपल्या वेचणीचे दिवस. मोबाइलवाल्याचा माल जास्त विकला तर बक्षीस आणि शेतकऱ्याच्या मालाला भाव आला तर शिक्षा! गिरण्यांना रुई स्वस्त हवी, हे आम्ही समजू शकतो. भिवंडीतला मागवाला काही आपला वैरी नाही. पण त्याच्या अडचणीचा भार एकट्या कापूस पिकवणाऱ्याच्या डोक्यावर का?

आम्हाला शुल्काच्या भिंती नकोत. आमचे मागणे एकाच न्यायाचे आहे. मोबाइलला भिंत हवी असेल तर कापसालाही ठेवा. कापसाची काढायची असेल तर मोबाइलचीही त्याच दिवशी काढा. आणि एकदा पेरणी झाली, की त्या हंगामाचा माल विकला जाईपर्यंत नियम बदलू नका. मोबाइलच्या कंपनीला सरकार पाच वर्षांची योजना लिहून देते. आपल्याला निदान एका हंगामाचा शब्द द्यावा.

पुढच्या बैठकीत हे दोन ठराव मांडावेत, असे आम्ही सुचवतो : बियाण्याच्या निर्णयाला मुदत आणि पेरणीनंतर शुल्कात बदल नाही. तोवर पोराला मोबाइलसाठी नुसते नाही म्हणू नका. त्याला शेजारी बसवा, क्विंटलात हिशेब करायला लावा. ऐंशी हजारांच्या मोबाइलची किंमत त्याला कळेलच. पावणेतीन एकर कापसाची किंमतही कळेल, आणि ती कोण ठरवतो, हा प्रश्न तो आपण होऊन विचारील.