शस्त्रक्रियेनंतरची ऊणोदरी

वजन घटविण्याची शस्त्रक्रिया करून पुण्याहून किंवा हैदराबादहून परतलेली व्यक्ती पहिले वर्षभर लातूर-नांदेडच्या समाजात कौतुकाचा विषय असते. शिंप्याकडे कपडे आवळून घेण्यासाठी फेऱ्या होतात, मधुमेहाच्या गोळ्या कमी होतात, स्थानकाच्या पायऱ्या न थांबता चढता येतात. दुसरे वर्षही बरे जाते. तिसऱ्या वर्षी काटा दोन किलो पुढे सरकतो, मग चार. त्यानंतर घरातला वजनकाटा हळूच पलंगाखाली ढकलला जातो आणि डॉक्टरांकडची पुढची तारीख चुकविली जाते. एवढा खर्च करून पुन्हा तेच, असे कोणी म्हणू नये या धास्तीने ती व्यक्ती लग्नसमारंभात जाणेही टाळू लागते.

या लपवाछपवीचे मूळ एका गैरसमजात आहे. शस्त्रक्रियेने वजन कायमचे उतरते आणि ते परत वाढले तर दोष खाणाऱ्याचा, असे गृहीत धरले जाते. वस्तुस्थिती वेगळी आहे. स्वीडनमध्ये 1987 साली सुरू झालेल्या एका प्रदीर्घ अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार रुग्णांची नोंद ठेवली गेली. त्याचे 2007 साली प्रसिद्ध झालेले आकडे बोलके आहेत. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के उतरले होते. दहाव्या वर्षी ही घट 25 टक्क्यांवर स्थिरावली. 120 किलोच्या माणसाच्या हिशेबात मांडायचे तर तो 82 पर्यंत उतरला आणि पुढे 90 च्या आसपास थांबला. हे आठ किलो परत आले म्हणून शस्त्रक्रिया वाया गेली असे नव्हे. शस्त्रक्रिया न झालेल्या तशाच स्थूल रुग्णांच्या तुलनेत या रुग्णांमध्ये मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. थोडे वजन परतणे हा शरीराचा धर्म आहे. परतणाऱ्या आठ किलोंचे तीस होऊ न देणे, ही खरी कामगिरी.

शरीर वजन परत का मागते? स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. भूक चेतविणारे ग्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः त्याच भागात तयार होते. त्यामुळे आरंभी भूकच मंदावते आणि आपण संयमी झालो असा भ्रम होतो. पुढे उरलेले जठर काहीसे सैलावते, भूक परतते, आणि हलक्या झालेल्या देहाला पूर्वीपेक्षा कमी उष्मांक पुरतात. बिनव्याजी मुदत संपून हप्ते सुरू व्हावेत, तशी ही दीड-दोन वर्षांनंतरची अवस्था असते.

महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण नितीन गडकरी यांचे. 2011 मध्ये भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना त्यांनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. फेब्रुवारी 2022 मध्ये उज्जैनच्या जाहीर सभेत त्यांनी स्वतःच सांगितले, की पूर्वी आपले वजन 135 किलो होते आणि आता ते 93 आहे. शस्त्रक्रियेला तेव्हा दहा वर्षे उलटून गेली होती. प्राणायाम आणि व्यायामाला आपण रोज वेळ देतो, हेही ते अनेकदा सांगत आले आहेत. नेत्याचे राजकारण कोणाला पटो न पटो, दहा वर्षांनंतरचे वजन चारचौघांत सांगण्याचा मोकळेपणा अनुकरणीय आहे.

जैन घरांत या विषयाला आणखी एक पदर आहे. सहा बाह्य तपांमध्ये अनशनानंतर लगेच येणारे तप म्हणजे ऊणोदरी. दिगंबर परंपरेत त्यालाच अवमौदर्य म्हणतात. पुरुषाचा पूर्ण आहार 32 घास आणि स्त्रीचा 28 मानून त्याहून कमी घेणे, भूक थोडी शिल्लक ठेवून उठणे, हे त्याचे स्वरूप. शल्यविशारद जठर लहान करून देतो, तेव्हा घडते ती सक्तीची ऊणोदरी. तिच्यात तप नाही. ती स्वेच्छेची व्हायला दीड-दोन वर्षांचा अवधी मिळतो. तो ज्यांनी वापरला, त्यांचे पुढे बरे चालते.

तो वाया कसा जातो, हे आपल्याच स्वयंपाकघरात पाहावे. लहान झालेल्या जठरात डाळ-भाकरी लवकर तड लावते, म्हणून पाचव्या-सहाव्या घासाला हात थांबतो. शेव, चिवडा, खाखरा, चहात बुडविलेले बिस्कीट, शिरा मात्र सरकत जातात. पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि उष्मांक मात्र जमा होत राहतात. “ते काही जेवत नाहीत, नुसते थोडे थोडे तोंडात टाकतात,” असे घरातली मंडळी काळजीने सांगतात. वजन वाढते ते नेमके त्या थोड्या थोड्यानेच.

प्रथिनांची गरज दिवसाला 60 ग्रॅमच्या पुढे असते आणि शाकाहारी माणसाला ती भागविणे कठीण, असे मानले जाते. पण तूर आणि सोयाबीन यांच्या बाजारपेठेसाठी राज्यभर ओळखल्या जाणाऱ्या लातूरकरांनी तरी असे म्हणू नये. 100 ग्रॅम तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात, सोयाबीनमध्ये 36 ते 40. वरण पातळ नको, घट्ट हवे. जेवण डाळ, पनीर, दही यांनी सुरू करावे. भात शेवटी, उरलीच जागा तर.

लातूरचे नाव आहारचर्चेत आणखी एका कारणाने गाजले. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून, दिवसात दोनच वेळा 55 मिनिटांत जेवण आणि 45 मिनिटे चालणे ही पद्धत घरोघरी पोहोचविली. आपल्या बियासणाशी तिचे नाते चटकन जाणवते, म्हणून शस्त्रक्रिया झालेल्यालाही शेजारीपाजारी तीच सुचवितात. चालणे जरूर घ्यावे. मात्र वाटीभर मावणाऱ्या जठरात दोन जेवणांतून दिवसाची प्रथिने बसत नाहीत. अशा व्यक्तीला चार-पाच लहान, पण ठरलेल्या वेळांचे आहार लागतात. हेच कारण वर्षीतप किंवा अठ्ठाईलाही लागू आहे. शल्यविशारदाला विचारल्याशिवाय पच्चक्खाण घेऊ नये.

चौविहार करणाऱ्यांनी एकदा कागदावर हिशेब मांडावा. डिसेंबरात नांदेडला सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो. नवकारशी साडेसातला धरली, तर हाती सव्वादहा तास राहतात. घास सावकाश चावायचा, जेवणाआधी व नंतर अर्धा-अर्धा तास पाणी टाळायचे. म्हणजे एका आहाराला दीड तास आणि चार आहारांना सहा. उरलेल्या चार तासांत दीड लिटर पाणी घोट-घोट प्यायचे म्हटले, तर दर दहा मिनिटांना 60 मिलिलिटर. जमते, पण बाटली सतत जवळ हवी. दुकानात बसणाऱ्याला हे साधत नसेल, तर पाण्याची मोकळीक ठेवणारा तिविहार आहे आणि पच्चक्खाणात आगारही आहेत. महाराजसाहेबांसमोर प्रकृती उघडपणे सांगण्यात संकोच कसला? सूर्यास्तापूर्वीच्या घाईत भराभर गिळलेले जेवण मात्र उलटी आणि छातीतल्या कळेलाच निमंत्रण देते. विगय त्यागातही निवड करावी. गूळ-साखर आणि तळलेले सोडले तर दुहेरी लाभ होतो. दूध-दही सोडले तर प्रथिने जातात.

बी-12 या जीवनसत्त्वाची कमतरता शाकाहारी लोकांत आधीच असते. शस्त्रक्रियेनंतर त्याचे शोषणही घटते. दुर्लक्ष झाल्यास हातापायांना मुंग्या येण्यापासून मज्जातंतूंच्या इजेपर्यंत मजल जाते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांचेही तसेच. या गोळ्या आणि वार्षिक रक्ततपासण्या जन्मभराच्या आहेत, आणि शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकात त्यांचा खर्च सहसा मांडलेला नसतो. जिलेटिनच्या कॅप्सूलमुळे अनेक भाविक औषध मुकाट्याने बंद करतात. तसे करू नये. साधी गोळी, वनस्पतिजन्य आवरणाची कॅप्सूल किंवा इंजेक्शन हे पर्याय मागितले तर मिळतात.

अमेरिकेत 1994 पासून, वजन उतरवून ते टिकविणाऱ्या हजारो लोकांची नोंदवही ठेवली जाते. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात आणि बहुतेक जण रोज तासाभराची हालचाल करतात. तेव्हा पलंगाखालचा काटा बाहेर यावा. सर्वांत कमी झालेल्या वजनापेक्षा पाच किलो वाढले, की डॉक्टरांची वेळ घ्यावी. आहारात दुरुस्ती, औषधे, क्वचित दुसरी शस्त्रक्रिया, असे उपाय उपलब्ध असतात. वीस किलो वाढल्यावर गेले, तर मार्ग अवघड होतो.

उरते ती मनुहार. लग्नाच्या पंगतीत आग्रहाने घास भरविणे हा मारवाडी घरांतील प्रेमाचा रिवाज. “आता तर दोन वर्षं झाली ऑपरेशनला, एक जिलेबी घ्यावीच लागेल!” असे म्हणणाऱ्या काकीजींच्या मनात माया असते. त्या जिलेबीने बायपास झालेल्या माणसाला अर्ध्या तासात घाम फुटून धडधडू शकते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. येत्या लग्नसराईत ते घरच्यांनीच आधी, मंडपाबाहेर, सांगून ठेवावे.