एका लाईनीत किती लाईनी!

बालमित्रांनो, 2020 साली शाळा बंद झाल्या आणि 'ऑनलाईन' हा शब्द घराघरांत पोचला. पण आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होता, बरं का! ठिबक घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "आबा, इनलाईन देऊ की ऑनलाईन?" इनलाईन म्हणजे जिच्या पोटातच ठरावीक अंतरावर ड्रिपर बसवलेले असतात ती नळी. केळीसारख्या ओळीने लावलेल्या पिकाला ती बरी. ऑनलाईन म्हणजे नळीला हवं तिथे भोक पाडायचं आणि वरून ड्रिपर टोचायचा. लिंबाची, आंब्याची झाडं लांब लांब असतात, तिथे ही सोय. आता आबा म्हणाले, "मला ऑनलाईन पाहिजे" आणि नातूही म्हणाला, "मलाही ऑनलाईन पाहिजे", तर दोघांना एकच वस्तू आणून द्याल का?

म्हणून या आठवड्यात आपला शब्द 'लाईन'.

हा शब्द आला कुठून? चक्क जवसातून! हो, तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. जवसाच्या झाडाच्या खोडापासून धागा निघतो. लॅटिन भाषेत जवसाला 'लिनम' म्हणत आणि त्याच्या धाग्याला 'लीनिआ'. त्याचंच पुढे इंग्रजीत 'लाईन' झालं. त्या धाग्याच्या कापडाला अजूनही 'लिनन' म्हणतात. धागा दोन्ही टोकांनी ताणला की तो सरळ होतो. गवंडीकाका भिंत बांधताना लाईनदोरी ताणतात ती यासाठीच. ताणलेल्या दोरीवरून सरळ रेघ आली, रेघेवरून वहीतली ओळ, ओळीवरून माणसांची रांग. आपल्याकडेही असंच झालंय. 'सूत्र' म्हणजे मुळात सूतच, पण गणितातलं सूत्र वेगळं आणि नाटकातला सूत्रधार वेगळा. सुतार हा शब्दही सूत्रधारावरूनच आला असं मानतात.

रेल्वेची लाईन तर आपल्या खानदेशात घरचीच. मुंबईहून ठाण्याला पहिली गाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली, पुढे काही वर्षांतच रूळ भुसावळला पोचले. आता भुसावळहून एक लाईन नागपूरला जाते, दुसरी इटारसीकडे. जळगावहून सुरतची लाईन फुटते आणि चाळीसगावहून धुळ्याची. लांब पल्ल्याच्या गाडीला वाट देण्यासाठी मालगाडी बाजूच्या रुळावर उभी करतात, ती लूप लाईन. पुढच्या स्टेशनने "रस्ता मोकळा आहे, पाठवा गाडी" अशी परवानगी दिली, की त्याला म्हणायचं 'लाईन क्लिअर'. मोठी माणसं लग्नाच्या बोलणीतही म्हणतात ना, "मुलीकडून लाईन क्लिअर आहे!" तो शब्द असा स्टेशनमास्तरांच्या खोलीतून आलेला आहे.

माझ्या वर्गात एकदा वाक्य आलं, 'मदर हंग द क्लोद्ज ऑन द लाईन.' रुळांजवळच्या वस्तीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "आईने कपडे रेल्वे लाईनवर वाळत घातले." सगळा वर्ग खो खो हसला. तो खाली बसला. पुढे कितीतरी दिवस इंग्रजीच्या तासाला त्याचा हात वर झाला नाही. खरं सांगू? हसणाऱ्यांपेक्षा त्याचंच डोकं जास्त चाललं होतं. गाईडमध्ये 'लाईन म्हणजे ओळ' एवढंच छापलेलं. वहीतल्या ओळीवर कपडे कसे वाळतील? म्हणून त्याने स्वतःला माहीत असलेली लाईन लावून पाहिली. फक्त दोरी तेवढी सापडायची राहिली होती.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे. 2000 सालापासून आपल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. कितीतरी मुलं घरी अहिराणी बोलतात, शाळेत मराठी शिकतात आणि वर ही तिसरी भाषा. अशा वेळी एका शब्दाचा एकच अर्थ घोकून घेतला, तर पोर पहिल्याच वळणावर अडकतं आणि मग बोलायलाच घाबरतं.

आम्ही वर्गात एक रीत सुरू केली. अर्थ सांगण्याआधी शब्दाच्या शेजारी कोण बसलंय ते बघायचं. शेजारी कपडे असतील तर दोरी. कविता असेल तर ओळ. नकाशा असेल तर सीमा. टेलिफोन असेल तर तार. चेहरा असेल तर आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्या! शेजारी मासा आला तेव्हा सगळे गप्प. "गळाची दोरी!" हे उत्तर त्याच मुलाने दिलं. त्याचे मामा तापीवर गळ टाकायला जातात.

काही लाईनींचा इतिहास मोठा भयंकर आहे. 'डेडलाईन' हा शब्द अमेरिकेतल्या यादवी युद्धातला. 1864 साली अँडरसनव्हिल इथल्या तुरुंगात एक हद्द आखलेली होती. कैदी ती ओलांडू लागला की पहारेकरी गोळी घालत. आता प्रकल्पवही जमा करण्याच्या शेवटच्या तारखेला आपण तोच शब्द वापरतो. (घाबरू नका, बाई गोळी घालत नाहीत!)

इंग्रजांच्या काळात शिपायांच्या बराकी रांगेने बांधलेल्या असत, त्यावरून 'पोलीस लाईन' आली. शेतात मात्र लाईन म्हणजे वीज. "लाईन रात्री येणार" म्हटलं की दादा टॉर्च घेऊन मोटार चालू करायला निघतात. आणि दहावी झालेल्या ताईला येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "मग, कोणत्या लाईनला जाणार?" ताई बिचारी काय सांगणार!

आता तुमची पाळी. शेजारचे शब्द बघा आणि अर्थ लावा.

'द टेलर लाईन्ड द कोट विथ सिल्क.'
'शी कम्स फ्रॉम अ लाँग लाईन ऑफ टीचर्स.'
'द ॲक्टर फर्गॉट हिज लाईन्स.'

पहिलं अडलं तर शिंपीकाकांना विचारा, कोटाच्या आतल्या बाजूला काय लावतात? उत्तरं पुढच्या अंकात. तेव्हाचा शब्द आहे 'स्टेशन', आणि तो फक्त रेल्वेचाच नाही हं!