नकाशात न सापडलेली वाडी

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगराखाली गडप झाले. ती वार्ता बाहेरच्या जगास कोणत्याही उपग्रहाने अथवा सरकारी कचेरीने दिली नाही. सकाळी तेथे पोहोचलेल्या एका एसटीचालकास घरांच्या जागी चिखल दिसला, आणि त्याच्यामुळे गाव गेल्याचे कळले. सुमारे दीडशे माणसे त्या चिखलात गेली. पुढे २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळीये गाडले गेले, आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी. दरडींचा धोका असलेल्या गावांची सरकारी यादी तोवर तयार होती. मात्र इरशाळवाडीचे नाव तीत नव्हते, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. या एका वाक्याचा अर्थ नीट ध्यानी घेणे आज अगत्याचे आहे.

मधल्या काळात शास्त्र स्वस्थ बसले होते असे नव्हे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने देशातील दरडप्रवण प्रदेशाचे नकाशे १:५०,००० या प्रमाणावर काढण्याचे काम हाती घेतले. नकाशे व भूस्थानिक माहिती यांवरील जुनी बंधने केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये बव्हंशी दूर केली आणि डिसेंबर २०२२ मध्ये त्यासंबंधीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. विमानातून सोडलेले लेसरचे किरण झाडांच्या पानांमधून वाट काढून खालच्या जमिनीचा खरा चढउतार आज दाखवू शकतात. रडारधारी उपग्रहाला तर ढगांचाही अडथळा होत नाही. ३० जुलै २०२४ रोजी, म्हणजे माळीणनंतर बरोबर दहा वर्षांनी, केरळातील वायनाड येथे डोंगर कोसळला, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने दुसऱ्याच दिवशी उपग्रहाद्वारे त्या जागेची छायाचित्रे घेतली. सुमारे ८६,००० चौरस मीटर जमीन सुटली आणि तिचा लोंढा आठ किलोमीटर वाहत गेला, हे त्यांवरून ठरले. मदतपथकांना अशा माहितीचे मोल किती असते हे सांगावयास नको.

परंतु त्याच केंद्राच्या टिपणात आणखी एक गोष्ट नमूद होती. त्याच ठिकाणी पूर्वीही दरड कोसळल्याची खूण २०२३ च्या भूस्खलन नकाशासंग्रहासाठी केलेल्या नोंदींत आधीच आलेली होती. इरशाळवाडीस यादीने ओळखले नाही. वायनाडला नोंदीने ओळखले, तरी माणसे वाचली नाहीत. तेव्हा उणीव दोन ठिकाणी आहे, आणि दोहोंचा विचार निरनिराळा करावयास हवा.

पहिली उणीव प्रमाणाची. १:५०,००० च्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील अर्धा किलोमीटर. शंभर मीटर लांबीची वाडी तेथे दोन मिलिमीटरांत संपते. जिल्ह्याचे नियोजन अशा नकाशावर होऊ शकेल. पण कोणत्या घरामागचा कडा सुटण्याच्या बेतात आहे, हे त्यावरून सांगता येणार नाही. त्यासाठी मोठ्या प्रमाणाचे, वस्तीवार नकाशे हवेत. साऱ्या सह्याद्रीचे असे नकाशे काढणे खर्चाचे आहे, हा आक्षेप खोटा नाही. पण साऱ्या सह्याद्रीची गरजही नाही. तीव्र उताराखाली जेथे माणसे राहतात तेवढ्या जागांपासून आरंभ केला तरी पुष्कळ झाले.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे, कारण ती यंत्राने भरून निघणारी नाही. दरडप्रवणतेचा नकाशा धोका कोठे आहे ते सांगतो. केव्हा आहे ते सांगत नाही. ते पावसाच्या मोजणीवरून ठरावयाचे असते. किती पाऊस झाल्यावर वाडी रिकामी करावयाची, तो आदेश कोणी द्यावयाचा, आणि माणसांनी त्या रात्री निजावयाचे कोठे, या तीन प्रश्नांची उत्तरे जोडल्याखेरीज नकाशा म्हणजे निव्वळ रंगीत कागद होय. इरशाळवाडीस रस्ता नव्हता. खोदकामाची यंत्रे वर चढली नाहीत, हवामानामुळे हेलिकॉप्टरचाही उपयोग झाला नाही, आणि मदतपथकांना डोंगर पायी चढून हातांनी माती उपसावी लागली. अशा ठिकाणी आपत्तीनंतरच्या मदतीवर भिस्त ठेवता येत नाही. जे करावयाचे ते आधीच करावे लागते.

हाच न्याय बांधकामासही लागू आहे. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापताना, अथवा उतारावर घरांना परवानगी देताना, हा नकाशा समोर ठेवणे कायद्याने बंधनकारक असले पाहिजे. नकाशा डावलून दिलेल्या परवानगीचा जाब सही करणाऱ्यास द्यावा लागेल, तेव्हाच त्याकडे गांभीर्याने पाहिले जाईल.

आमची सूचना साधी आहे. धोक्याच्या प्रत्येक वस्तीचा नकाशा, गावकऱ्यांना उमजेल अशा मराठीत, ओढे, टेकाडे व घरे त्यांच्या नेहमीच्या नावांनी दाखवून, दरवर्षी मे अखेरीस ग्रामपंचायतीच्या कचेरीत लावावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. डोंगरास पडलेली भेग प्रथम दिसते ती गुराख्याला. त्याने ती कोणास सांगावी, हेही त्याच नकाशावर लिहिलेले असावे. उपग्रहाची नजर आणि गुराख्याची नजर यांची गाठ सरकारने घालून दिली, तर पुढच्या जुलैत एखाद्या एसटीचालकावर तसली वार्ता आणण्याची पाळी येणार नाही.